मऊ ब्रेडस्टिक आणि पाण्याचा हिशेब

इटलीच्या वायव्येकडील पिएमोन्ते प्रांतात, विशेषतः तूरीन शहराच्या आसपास, ग्रिस्सिनी नावाच्या पेन्सिलीसारख्या बारीक काड्या भाजल्या जातात. बोटांत धरून मोडली की अशी काडी कट्‌कन तुटते आणि तिचा चुरा खाली पडतो. सावोय राजघराण्यातील पचनाने नाजूक असलेल्या एका मुलासाठी, म्हणजे पुढे राजा झालेल्या दुसऱ्या व्हित्तोरियो आमेदेओसाठी, १६७९ च्या सुमारास आंतोनियो ब्रुनेरो या पाव भाजणाऱ्याने ही काडी पहिल्यांदा केली, अशी तिथली आख्यायिका आहे. लसणाचे लोणी लावलेली, दाबली की पुन्हा वर येणारी मऊ ब्रेडस्टिक मात्र इटलीहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या आणि तिथल्या इटालियन पद्धतीच्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकातून घडली. १९८२ मध्ये फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे सुरू झालेल्या ऑलिव्ह गार्डन या उपाहारगृहाने, आणि पुढे झालेल्या त्याच्या साखळीने, तिची ओळख फार मोठ्या वर्गाला करून दिली.

या दोन काड्यांचे साहित्य जवळजवळ सारखेच असते: मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि थोडा स्निग्ध पदार्थ. कुरकुरीत काडीतले बहुतेक सगळे पाणी भाजताना उडवून दिलेले असते, तर मऊ काडीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग भाजल्यानंतरही पाणीच असतो, हा त्यांच्यातला खरा फरक आहे. घरी केलेल्या ब्रेडस्टिक कडक होतात, दुसऱ्या दिवशी चामट लागतात किंवा मधोमध पिठूळ राहतात, तेव्हा दोष सहसा यीस्टला दिला जातो. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा चूक पाण्याच्या हिशेबात असते. म्हणून पुढची सगळी कृती, पीठ मळण्यापासून उरलेल्या काड्या साठवण्यापर्यंत, याच एका हिशेबाच्या अंगाने समजून घेऊ.

सोळा काड्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम दूध, १२० ग्रॅम पाणी, ४० ग्रॅम मऊ लोणी, २० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ आणि ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे. जाड दाण्यांचे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट वापरायचे असेल तर ते साडेसात ग्रॅम लागते आणि आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून घ्यावे लागते. ही मापे मी मुद्दाम वजनात दिली आहेत, कारण मैदा वाटीत हलक्या हाताने भरला की दाबून भरला यावर एका वाटीमागे वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मऊ पिठाला तेवढा फरक सोसत नाही. पाव करणारे लोक प्रत्येक घटक मैद्याच्या टक्केवारीत मोजतात. मैदा म्हणजे १०० टक्के धरला तर येथे मीठ दोन टक्क्यांच्या जरा खाली, साखर चार टक्के आणि लोणी आठ टक्के भरते. द्रव पदार्थ ६४ टक्के दिसत असले तरी ते सगळे पाणी नाही, कारण दुधात साधारण ८७ टक्केच पाणी असते. त्या दोनशे ग्रॅम दुधातून सुमारे १७५ ग्रॅम, वरचे १२० ग्रॅम आणि लोण्यात दडलेले सहा-सात ग्रॅम मिळून तीनशे ग्रॅम पाणी होते, म्हणजे मैद्याच्या ६० टक्के. घरच्या ओव्हनमध्ये मऊ काडी होण्यासाठी आणि तरीही पीठ हाताने वळता येण्यासाठी मला हे प्रमाण सर्वांत सोयीचे वाटते.

हे पाणी धरून ठेवण्याचे काम कोण करते, हे कळले की मळण्याचा अर्थ कळतो. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. ती ओली होऊन एकमेकांत गुंतली की ग्लुटेनचे जाळे तयार होते. ग्लायडिनमुळे पीठ ताणले जाते, ग्लुटेनिनमुळे ते परत आखडते, आणि या दोन्ही गुणांच्या मेळातून पाणी व वायू दोन्ही अडकवून ठेवणारा पातळ पडदा बनतो. साध्या मैद्यात प्रथिने साधारण ९ ते ११ टक्के आणि खास पावासाठी दळलेल्या मैद्यात १२ ते १३ टक्के असतात. या काडीसाठी साधा मैदा पुरतो, कारण येथे पावाचा उंच डोलारा उभा करायचा नाही. मात्र प्रत्येक मैदा सारखे पाणी पीत नाही. त्यामुळे एकूण द्रवातले तीसेक ग्रॅम सुरुवातीला हाताशी राखून ठेवावे आणि पीठ गोळा होऊ लागल्यावर अंदाज घेऊन घालावे.

मैदा, यीस्ट, साखर, दूध आणि पाणी एवढेच प्रथम एकत्र करून, कोरडे पीठ दिसेनासे झाले की भांडे झाकून वीस मिनिटे तसेच ठेवून द्यावे. या वेळात मैदा पाणी शोषतो आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते, त्यामुळे नंतरचे मळणे निम्म्यावर येते. मीठ आणि लोणी त्यानंतर घालावे. लोणी आधीच घातले तर त्याचा थर प्रथिनांवर बसतो आणि जाळे आखूड राहते. मागाहून घातले तर तयार झालेल्या जाळ्यात ते वंगणासारखे मुरते, पीठ ताणायला सोपे होते आणि भाजलेली काडी अधिक काळ मऊ राहते. लोणी घालताच पीठ फाटल्यासारखे, बुळबुळीत आणि बिघडल्यासारखे दिसू लागते. पहिल्यांदा करणारे बहुतेक लोक येथे घाबरून मूठभर कोरडा मैदा भुरभुरतात, आणि माझ्या मते संपूर्ण कृतीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ओट्यावर आणि हातावर मिळून साठ ग्रॅम मैदा सहज खपतो. तेवढ्याने तीनशे ग्रॅम पाणी ५०० ऐवजी ५६० ग्रॅम मैद्यात वाटले जाते आणि ६० टक्क्यांचे प्रमाण ५४ च्या खाली उतरते. काडी कडक होणार हे तेव्हाच ठरून जाते. हाताला पुसटसे तेल लावावे, पीठ तळव्याच्या टाचेने पुढे ढकलावे, घडी घालून मागे ओढावे आणि तीन-चार मिनिटे धीर धरावा. फाटलेले पीठ हळूहळू एकसंध होते, भांड्याच्या कडा सोडते आणि आठ-दहा मिनिटांत गुळगुळीत होते. लिंबाएवढा गोळा तोडून चारही बाजूंनी सावकाश ताणावा. न फाटता त्याचा इतका पातळ पापुद्रा झाला की पलीकडच्या बोटाची सावली दिसते, तर मळणे पुरे झाले असे समजावे.

दुधाबद्दल एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न तापवलेल्या दुधातील काही प्रथिने ग्लुटेनला सैल करतात, म्हणून दूध एकदा कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून, पुन्हा कोमट करून घेतले तर काडी अधिक चांगली फुगते. कोमट म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस, मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम लागेल इतके. यीस्ट हा सजीव आहे आणि ५५ ते ६० अंशांच्या आसपास तो मरतो. थंड दुधात तो मरत नाही, केवळ मंदावतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा दूध गारच बरे.

मळलेला गोळा तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून ठेवला की २६ ते २८ अंशांच्या उबेत तो तास-दीड तासात दुप्पट होतो. घड्याळापेक्षा आकारावर विश्वास ठेवावा, आणि त्यासाठी सरळ कडांचे भांडे घेऊन पिठाच्या मूळ पातळीवर खूण करून ठेवावी. गोल तळाच्या भांड्यात दुपटीचा अंदाज फसतो.

फुगलेले पीठ ओट्यावर उलटून त्याचे सोळा उंडे करावेत. प्रत्येकाचे वजन साधारण ५५ ग्रॅम भरेल. उंडे ओल्या फडक्याखाली दहा मिनिटे झाकून ठेवावेत. ही विश्रांती टाळली की काडी वळताना पीठ रबरासारखे आखडते, ओढून लांब करावे तर पुन्हा आखूड होते, आणि मग चिडून ताण दिला की जाळे फाटते. ग्लुटेन सैल पडल्यावर तोच उंडा दोन्ही तळव्यांखाली मध्यापासून कडांकडे वळत नेला तर सहज १८ सेंटिमीटर लांब होतो. जाडी अंगठ्याएवढी ठेवावी. काडी अर्ध्या जाडीची केली तर वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि पाणी निसटायला तितकीच मोकळी वाट मिळते. ग्रिस्सिनी बारीक वळतात त्यामागचे कारण हेच आहे, आणि आपल्याला तेच टाळायचे आहे. ट्रेवर काड्या दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर मांडाव्यात. फुगल्यावर त्या एकमेकींना चिकटतात आणि चिकटलेल्या बाजूंवर कवच धरत नाही. भाजून झाल्यावर त्या वेगळ्या करताना बाजूंना जे कापसासारखे पांढरे धागे दिसतात, ते या जवळिकीमुळे.

दुसऱ्यांदा फुगायला तीस ते चाळीस मिनिटे लागतात. ओले बोट हलके दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर अजून थांबावे, सावकाश अर्धाच भरला तर ओव्हनकडे वळावे, आणि मुळीच भरला नाही तर वेळ टळून गेली आहे. अशी काडी भाजताना बसते आणि तिला आंबूस वास येतो. या वेळात ट्रे उघडा ठेवू नये. वरची त्वचा सुकली की ती ओव्हनमध्ये ताणली जात नाही आणि काडी बाजूने फुटते.

भाजण्याच्या बाबतीत अनेकांची समजूत उलटी असते. मऊ हवे म्हणून ते ओव्हन मंद ठेवतात. १६० अंशांवर रंग यायला पंचवीस मिनिटे लागतात आणि तेवढा सगळा वेळ काडीतून वाफ निघत राहते. २०० अंशांवर तेच काम बारा ते चौदा मिनिटांत होते आणि आतले पाणी बाहेर पडायच्या आत काडी तयार असते. पंख्याचा ओव्हन असेल तर १८० अंश पुरतात. पहिल्या काही मिनिटांत यीस्ट अखेरचा जोर लावतो, अडकलेला वायू प्रसरण पावतो आणि काडी टरारून वर येते. पुढे ६० अंशांच्या वर मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिने घट्ट होतात आणि आकार कायम होतो. आतला भाग ओला असल्यामुळे तो शंभर अंशांपलीकडे जात नाही. मधोमध सुई-थर्मामीटर खुपसून ९० ते ९३ अंश दिसले की काडी शिजली. वरचा तांबूस रंग मात्र पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास गेल्यावरच नीट धरतो, आणि दुधातली व पिठात वेगळी घातलेली साखर तो रंग लवकर आणते. म्हणजे ती साखर केवळ गोडीसाठी नसते. तिच्यामुळे काडी वेळेवर बाहेर काढता येते.

हिशेब बरोबर आला की नाही हे पाहण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे वजनकाटा. ट्रेच्या मध्यावरची एक काडी भाजण्यापूर्वी आणि भाजल्यावर तोलून पाहावी. ५५ ग्रॅमची काडी ४९-५० ग्रॅमवर आली तर ती मऊ असणार. ४६ च्या खाली गेली तर पुढच्या खेपेला दोन मिनिटे कमी करावीत. घरगुती ओव्हनचा काटा आणि आतले खरे तापमान यांत पुष्कळदा तफावत असते, त्यामुळे कृतीतल्या मिनिटांपेक्षा वजनकाटा अधिक खरे बोलतो.

आता लसूण. मला तो इतका प्रिय आहे की सुरुवातीला मी सात-आठ पाकळ्या ठेचून थेट पिठातच मळल्या होत्या. मळताना पीठ छान घट्ट लागत होते. अर्ध्या तासाने झाकण काढले तेव्हा ते भांड्यात पसरून पाणचट झाले होते, फुगण्याचे नाव नव्हते, आणि काड्या वळताना बोटांतून ओघळत होत्या. कारण समजायला मला बराच वेळ लागला. लसणाच्या अखंड पाकळीत ॲलिन हे संयुग आणि ॲलिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरली किंवा ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. लसणाचा तो झणझणीत दर्प ॲलिसिनचा. ते सूक्ष्मजीवांना मारक असल्यामुळे यीस्टला मंदावते, आणि लसणातली गंधकयुक्त संयुगे ग्लुटेनच्या धाग्यांमधले बंध सोडवतात. म्हणजे वायू कमी तयार होतो आणि जो होतो तोही टिकत नाही. पिठातच लसणाचा स्वाद हवा असेल तर चांगल्या भाजलेल्या लसणाचा लगदा किंवा फार तर अर्धा चमचा लसूण पावडर घालावी. पावडरही अधिक झाली की पीठ सैल पडते.

कच्च्या लसणाचे तुकडे काडीवर पसरून भाजणेही मला पटत नाही. लसणात शर्करेच्या साखळ्यांनी बनलेली फ्रुक्टान नावाची कर्बोदके भरपूर असतात. बारीक तुकडा २०० अंशांच्या कोरड्या उष्णतेत बारा मिनिटांत सुकतो, तांबडा होतो आणि कडू लागतो, आणि एक कडू तुकडा सगळ्या काडीची चव बिघडवतो. म्हणून लसूण भाजल्यानंतर लावावा.

त्यासाठी पाच-सहा पाकळ्या मिठाच्या कणीबरोबर अगदी बारीक ठेचून दहा मिनिटे तशाच ठेवाव्यात, म्हणजे उष्णता लागण्यापूर्वी एन्झाइमचे काम पूर्ण होते. मग जाड बुडाच्या भांड्यात ६० ग्रॅम लोणी अगदी मंद आचेवर वितळवून त्यात हा लसूण घालावा. लोण्याने आवाज करता कामा नये. चुरचुर ऐकू आली म्हणजे लोण्यातले पाणी उकळू लागले आणि आता लसूण तळला जाणार, असे समजून भांडे लगेच उतरवावे. दीड-दोन मिनिटांत कच्चा दर्प मावळतो, गोडसर वास येऊ लागतो आणि लसूण फिकटच राहतो. चिरलेली पार्सली उतरवल्यावर घालावी. पार्मेजान चीज किसून टाकायचे असेल तर मीठ कमी करावे, कारण ते स्वतःच खारट असते.

हे लसणाचे लोणी तिथल्या तिथे करून संपवावे. तेलात किंवा लोण्यात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर दिवसेंदिवस ठेवणे धोक्याचे आहे, कारण हवा नसलेल्या आणि आंबटपणा नसलेल्या अशा जागी बोट्युलिझमचे जीवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव यांवरून पत्ता लागत नाही. थोडे उरलेच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरावे.

ओव्हनमधून काढताच, काड्या गरम असतानाच, निम्मे लोणी कुंचल्याने लावावे, त्या ट्रेवरून उचलून जाळीवर ठेवाव्यात आणि वर स्वच्छ सुती फडके टाकावे. या वेळी कवच कोरडे असते आणि आतला भाग ओला. फडक्याखाली अडकलेली वाफ कवचात शिरते आणि पाच-सात मिनिटांत ते सैल पडते. उघड्यावर ठेवलेली तीच काडी याच वेळात बाहेरून कडक होते, ट्रेवर ठेवलेली खालून ओलसर होते. उरलेले लोणी वाढण्यापूर्वी लावावे, म्हणजे लसणाचा वास ताजा राहतो.

उरलेल्या काड्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. शिळा पाव कडक होतो तो केवळ वाळल्यामुळे नाही. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकासारखा रचला जातो आणि आपले पाणी सोडतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानात, म्हणजे गोठणबिंदूच्या किंचित वर, सर्वांत वेगाने चालते, म्हणून हवाबंद डब्यात ठेवलेली काडीही तिथे एका रात्रीत चामट होते. त्याच दिवशी संपणार असतील तर डबा बाहेरच ठेवावा. अधिक दिवस ठेवायच्या असतील तर पूर्ण गार झालेल्या, लसणाचे लोणी न लावलेल्या काड्या पिशवीतली हवा काढून थेट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकाव्यात. खायच्या वेळी त्यांवर पाण्याचा हलका हात फिरवून, फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर आठ-दहा मिनिटे तापवाव्यात. आतला भाग ६० अंशांच्या वर गेला की स्टार्चची ती रचना पुन्हा सैल होते आणि काडी मऊ पडते. हा मऊपणा तासाभराच्या आत ओसरू लागतो, म्हणून जेवढ्या खायच्या तेवढ्याच काड्या तापवाव्यात, आणि लसणाचे लोणी त्या तापत असताना शेजारी ताजे करून घ्यावे.